पोच न मागता

स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण फरशीवर पडलं, गरगर फिरलं, आणि आता थांबेल, मग थांबेल असं करत एकदाचं निपचित झालं. घर इतकं गप्प होतं की त्याचा शेवटचा थरथराटसुद्धा मला जेवणाच्या टेबलापाशी ऐकू आला.

भिंगरी दारात आली. "आई, फोन वाजला?"

"झाकण वाजलं."

"मला वाटलं बाबा," म्हणून ती परत आत गेली. झाकण काही तिनं उचललं नाही.

आमच्या लेकीला भिंगरी म्हणतात, कारण तिला बसलेली कुणी पाहिलेली नाही. त्या रविवारी ती दुपारचं जेवण झाल्यापासून माझ्या फोनभोवती घिरट्या घालत होती. आठवड्यात तिचा वरचा, अगदी मधला दात पडला होता. बाबानं निघताना तिला सांगून ठेवलं होतं की दात पडला की तोंडाला खिडकी होते, मग मी आलो की तुला शिट्टी मारायला शिकवीन. बाबा यायला अजून फार अवकाश होता. तेवढा धीर कुणाला. बाईसाहेब न्हाणीघराच्या आरशासमोर उभ्या राहून आपल्या आपण शिकल्या. आधी दोन दिवस नुसती थुंकी उडाली, मग वारा आला, मग एक बारीक, तिरपी, शेवटी वर जाणारी शिट्टी आली. आजीचे कान किटले, पण नातीला गप्प बस म्हणायची तिची छाती होईना. आणि ही गोष्ट बाबाला कुणी आधी सांगायची नाही असं आम्हां दोघींकडून वदवून घेतलेलं होतं. रविवारी त्याचा फोन येईल, तो हॅलो म्हणेल, आणि ही काही न बोलता शिट्टी मारील. बेत असा होता.

मी एका जहाज कंपनीचं नेटवर्क सांभाळते. जहाजं समुद्रात, मी जमिनीवर. प्रत्येक जहाजाच्या माथ्यावर एक डिश असते. ती उपग्रहाकडे तोंड करून बसते, आणि जहाजावरच्या माणसांचं जगाशी जे काही बोलणं-चालणं असेल ते सगळं त्या एका डिशमधून होतं. वाटा दोन. एक जहाजात आत येणारी, एक जहाजातून बाहेर जाणारी. बाहेर जाणारी कायम अरुंद. तिच्यातून इंजिनाचे आकडे जायचे, हवामानाची विचारणा जायची, कंपनीचं टपाल जायचं, आणि सगळ्यांच्या मागे खलाशांचे घरी केलेले फोन. कुणाला किती रुंदी द्यायची, कुणी पुढे व्हायचं आणि कुणी खोळंबायचं, हे ठरवणं माझ्याकडे. म्हणजे नियम ठरलेले असतात, मी चाव्या फिरवते. सासूबाईंनी शेजारच्या काकूंना हे एका वाक्यात समजावलं होतं, की आमची सून नळ सोडते. पुढच्याच आठवड्यात काकूंनी मला जिन्यात गाठून वरच्या मजल्याला पाणी का चढत नाही असं विचारलं. मी बघते म्हणाले. तोंडावर नाही कसं म्हणणार.

आठवड्यातले काही दिवस ऑफिसात जाते, सुट्टीची पाळी घरूनच करते. टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला भिंगरीचे रंग, मध्ये सासूबाईंचं निवडणं-टिपणं. त्या दिवशी त्या वाटाणे सोलत होत्या.

आणि माझा नवरा त्याच कंपनीच्या एका जहाजावर इंजिनिअर आहे, खाली इंजिनखोलीत. दारावर बायको आणि मी रांगेत शेवटून पहिला, असं तो मित्रांना सांगतो. त्याच्यासाठी मी कधी चावी जास्त फिरवली नाही. त्यानंही कधी मागितलं नाही. फक्त एकदा, फोन तुटत तुटत चालला होता तेव्हा म्हणाला होता, की तुझ्या नवऱ्याचा निम्मा आवाज समुद्रात सांडतोय, बघ जरा.

पडद्यावर लाल पट्टी आली ती त्याच्याच जहाजाची.

लाल पट्टी म्हणजे जहाजावर माणसाला काहीतरी झालंय. तिथं डॉक्टर नसतो. एखादा अधिकारी प्रथमोपचार शिकलेला असतो. तो कॅमेरा धरतो, किनाऱ्यावरची डॉक्टरीणबाई चित्र बघते आणि सांगते, हे कर, ते करू नको. तेव्हा ते चित्र बाहेर येणं हेच पहिलं औषध. माणूस कोण, ते आम्हाला सांगत नाहीत. पूर्वी आमच्याच खात्यातल्या कुणीतरी कळवळून एका घरी फोन केला होता आणि ते घर चुकीचं निघालं. तेव्हापासून नेटवर्कवाल्यांना फक्त जहाज कळतं. नाव घरी कळवायचं ते खलाशी विभागानं.

तिकडे हवा बिघडलेली होती. जखमी माणसाला हेलकावे बसू नयेत म्हणून कप्तानानं जहाजाचं तोंड लाटांकडे केलं होतं, आणि तसं केलं की धुराडं नेमकं डिश आणि उपग्रह यांच्या मध्ये येतं. तोंड फिरवावं तर डिश मोकळी होईल, पण टेबलावर निजवलेला माणूस गडगडेल. उपग्रह मोठा, त्याचं बोलणं धुराड्याला वळसा घालून आत पोचत होतं. डिशचा आवाज लहान. बाहेर जाणाऱ्या वाटेचा पार दोरा झाला होता.

मी तो दोरा डॉक्टरीणबाईंच्या चित्राला दिला. खलाशांचं बाहेर जाणारं सगळं बंद केलं. फोन बंद, फोटो पाठवणं बंद. त्यातच त्याचा रविवारचा फोन होता. माझं बोट अडखळलं नाही. नंतर वाटलं, अडखळायला हवं होतं. त्याच्याही नंतर वाटलं, बरं झालं.

आत येणारी वाट मात्र मी उघडी ठेवली. तिथं जागा होती. माणसं घाबरलेली असतील, आपापल्या खोल्यांत बसली असतील, घरून आलेले निरोप तरी त्यांना मिळोत. रिकामी वाट अडवून कुणाचं भलं होणार होतं.

मग भिंगरीला जवळ घेऊन सांगितलं की आज बाबाचा फोन जरा मागे-पुढे होईल. तिनं विचारलं, का. मी म्हटलं, तिकडून इकडे यायचा रस्ता आज एका गाडीसाठी मोकळा ठेवलाय.

"कुठली गाडी?"

"डॉक्टरांची."

एवढं बोलायला नको होतं. सासूबाईंची शेंग सोलणारी बोटं थांबली नाहीत, पण हळू झाली.

डॉक्टरीणबाईंचा आवाज माझ्या कानांवरच्या यंत्रात होता. मला त्यांचं ऐकू येत होतं, जहाजावरचा अधिकारीही तुटक ऐकू येत होता. चित्र मात्र माझ्याकडे नसतं. ते माझ्याच हातून जातं, पण मला दिसते ती फक्त त्याची जाडी, आलेखावरची एक पट्टी. ती पट्टी चांगली रुंद करून दिली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती आक्रसायला लागली.

"नेटवर्कवर कोण आहे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला नुसते ठोकळे दिसतायत. वाफेनं भाजलंय. कातडी लाल आहे की पांढरी एवढंच मला बघायचंय, आणि तेवढंच दिसत नाहीये."

मी बघते म्हणाले. आवाज माझाच आला.

वाफ. इंजिनखोलीतल्या नळ्यांतून काय वाहतं ते तो मला लग्नाआधीपासून सांगत आलाय. माणसं फिरायला गेल्यावर फुलांबद्दल बोलतात, हा बॉयलरबद्दल बोलायचा. वाफ दिसत नाही, म्हणायचा, दिसतो तो तिचा धूर. खरी वाफ दिसायच्या आत लागते. जहाजाच्या भटारखान्यातही वाफ असते, असं मी स्वतःला सांगितलं. तिथं तर दिवसभर असते.

बाहेरची वाट भरलेली होती, आणि मी तर ती रिकामी केली होती. कोण शिरलंय, मला समजेना. मोठं काहीच नव्हतं. फोन नाही, फोटो नाही. होते ते बारीक बारीक कण, मुंगीएवढे, पण मुंग्यांसारखेच न संपणारे. मग डोक्यात उजेड पडला.

नेटवर्कवरचं बहुतेक सगळं पोचेवर चालतं. इकडून एक तुकडा आत गेला की तिकडून "मिळाला" अशी पोच बाहेर येते. पोच आली की पुढचा तुकडा. आली नाही तर पाठवणारा तोच तुकडा पुन्हा पाठवत बसतो, म्हणून पोचेला कधी अडवायचं नाही, सगळ्यांच्या पुढं काढायचं, असा आमचा कायमचा नियम. चांगल्या दिवशी तो शहाणपणाचा असतो. आज फोन बंद झाल्यावर जहाजभर माणसं खोल्यांतून मोबाइल घेऊन बसली होती, घरचे व्हिडिओ उघडत होती, मोबाइल आपले आपण नव्या गोष्टी उतरवून घेत होते, आणि आत येणाऱ्या प्रत्येक तुकड्यामागे एक पोच डॉक्टरीणबाईंच्या चित्राला ढकलून पुढे निघत होती. मी त्यांना निरोप मिळावेत म्हणून आतलं दार उघडं ठेवलं होतं. त्या दारातूनच चित्राचा गळा आवळला जात होता.

मी आतली वाट बंद केली. डॉक्टरीणबाईंचा आवाज तेवढा सोडून सगळ्यांची, सगळीच.

पट्टी हळूहळू फुगली. कानात काही क्षण नुसती खरखर. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हां. आता दिसतंय. हात जरा उजेडाकडे करा त्याचा." आणि त्या पुढच्या कामाला लागल्या. माझ्याशी त्यांचं काम संपलं होतं.

ठोकळ्यांपासून दिसण्यापर्यंत फार वेळ गेला नव्हता. चहा गाळून कपात ओतेपर्यंत जातो तेवढा. पण तो कुणाच्या तरी भाजलेल्या अंगावरून गेला होता, आणि तो हात कुणाचा ते मला माहीत नव्हतं. 'त्याचा' म्हणाल्या होत्या. जहाजावर सगळे 'तो'च.

ऑफिसातल्या यंत्रांच्या खोलीत त्या दिवशी टोपी होता. ती खोली थंडगार ठेवावी लागते, म्हणून तो बारा महिने लोकरीची टोपी घालतो, आणि आता त्याचं खरं नाव घेतलं तर तोच वळून बघत नाही. मला वहिनी म्हणतो, कारण माझा नवरा त्याचा आधीपासूनचा मित्र. मी गॅलरीत जाऊन त्याला फोन लावला. पोचेचं सांगितलं. तो म्हणाला की त्यालाही ते सुचलं नसतं, जे खरं नव्हतं, पण चांगुलपणानं म्हणाला. मग मी विचारलं, भाऊ, कोण आहे?

त्याला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं, टोपीला खोटं बोलता येत नाही, त्याचा श्वास अडकतो. त्यानं मला खलाशी विभागाला फोन कर म्हणून सुचवलं आणि लगेच, ते काही सांगणार नाहीत, असंही सांगून टाकलं.

तरी केला. तिकडे एक बाई होत्या, आवाजावरून माझ्याएवढ्याच. नाव पक्कं झाल्यावर घरच्यांना कळवू, असं त्या वाचून दाखवल्यासारखं म्हणाल्या. मी म्हटलं, मी नेटवर्कवर आहे, पण मी घरचीही आहे. मग त्या खरोखर मायेनं म्हणाल्या, "मग ताई, तुम्ही घरीच थांबा. असेल तर तुम्हाला फोन येईल."

मी घरीच होते. फोन माझ्या हातातच होता. तो वाजू नये असं मला वाटायला लागलं, आणि आत माझी लेक तो वाजावा म्हणून जीव टांगणीला लावून बसली होती.

परत टेबलापाशी आले. एक गोष्ट बघता येण्यासारखी होती. जहाजावर प्रत्येक मजल्यावर वायफायच्या छोट्या पेट्या आहेत आणि कुठला मोबाइल कुठल्या पेटीला चिकटलाय ते मला दिसतं. एरवी मी कुणाच्या मागे अशी लागत नाही. त्या दिवशी लागले. त्याचा मोबाइल वरच्या मजल्यावरच्या पेटीला चिकटलेला होता. त्याच मजल्यावर त्याची खोली आहे. त्याच मजल्यावर, त्याच बोळात, आजारी माणसाला ठेवायची खोली आहे. एका पेटीत दोन्ही. मोबाइल जागचा हलत नव्हता. पण तो पाळीवर गेला की मोबाइल खोलीतच ठेवून जातो, खाली त्याला रेंजही नसते. तेव्हा न हलणाऱ्या मोबाइलचा अर्थ तो खाली काम करतोय असा होता, किंवा पलीकडच्या खोलीत टेबलावर आहे असा होता, किंवा नुसता झोपलाय असा होता. मी त्या एका ओळीकडे बघत राहिले, जणू फार वेळ बघितलं तर ती काहीतरी सांगेल.

"अगं, एवढे सगळे नळ तुझ्या हातात," सासूबाई म्हणाल्या, "आणि माझ्या पोराचा एक फोन लागेना होय?"

नेहमीचाच टोमणा, नेहमीच्याच सुरात. एरवी मी म्हटलं असतं, आई, पाणीपट्टी थकलीय तुमच्या पोराची. त्या हसल्या असत्या. आज मी वळूनसुद्धा बघितलं नाही, तीच एक ओळ पुन्हा उघडली. त्यांनी ते बघितलं. वाटाण्यांचं भांडं बाजूला सरकवलं. उठून माझ्या मागे आल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना पडद्यावरचं काही कळत नाही, तरी त्या बघत होत्या.

"मी विचारणार नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तूही सांगू नकोस."

मग आत जाऊन त्यांनी ते झाकण उचललं, धुतलं, फडक्यानं पुसलं. नंतर ते दुसऱ्यांदा पुसल्याचाही आवाज आला.

कानात डॉक्टरीणबाई सावकाश बोलत होत्या. पाणी किती दिलं, शुद्धीवर आहे का, नाव विचारा त्याला. मी श्वास रोखून ऐकायला लागले. अधिकाऱ्याचा आवाज आला, आणि नेमका त्या शब्दावर दोरा ताणला गेला, उत्तर फाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठीक आहे, बोलतोय ना, मग झालं. त्यांना नावाशी देणंघेणं नव्हतं, तो नाव सांगू शकतो एवढ्याशीच होतं. बरोबरच होतं त्यांचं. आवाज स्पष्ट यायला मी चित्रातली चिमूटभर रुंदी काढून आवाजाला देऊ शकले असते. एक चावी. मी ती फिरवली नाही. ज्यानं नाव सांगितलं त्याला त्या चित्राची माझ्यापेक्षा जास्त गरज होती, मग तो कुणीही असो. तोही असो.

भिंगरी माझ्या मांडीवर चढून बसली. तिच्या डोक्याला तेलाचा आणि पेन्सिलीच्या लाकडाचा वास येत होता. अजून गाडी गेली नाही का, तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही गं, मोठी गाडी आहे.

ती विचारात पडली. खिडकीतून जीभ बाहेर काढायची आता तिला सवय लागलीय.

"तिकडून इकडे यायचा रस्ता बंद आहे ना?"

"हो."

"मग इकडून तिकडे जायचा?"

"तोही आता बंद करावा लागला."

"का? त्यावर कुठे डॉक्टर आहे?"

सहा वर्षांच्या मुलीला पोच कशी समजवायची. मी म्हटलं, आपण बाबाला काही पाठवलं की बाबाला सांगावं लागतं ना, मिळालं म्हणून. ते सांगणं त्या गाडीच्या आडवं येतं.

"मग त्यानं नको सांगू दे," भिंगरी म्हणाली. "मी शिट्टी मारते. तो नुसता ऐकेल."

मी तिला मांडीवरून न उतरवता लॅपटॉप जवळ ओढला.

तशी एक वाट होती. जहाजावरच्या प्रत्येक खोलीत भिंतीला फोन असतो आणि किनाऱ्यावरून त्या फोनच्या भोंग्यात थेट बोलता येतं, सूचना द्यायला. उचलावा लागत नाही. ती वाट एकेरीच बांधलेली आहे. आवाजाचे तुकडे जातात, पोच मागत नाहीत. हरवला तर हरवला. वाऱ्यावर हाक मारल्यासारखं. आवाज बारीक ठेवला तर बाहेरच्या दोऱ्याला स्पर्शसुद्धा होत नाही. एरवी ती आम्ही तपासणीपुरती वापरतो, हॅलो हॅलो म्हणायला, आणि तेही तिकडून कुणी ऐकलं असं कळवलं तरच तपासणी पुरी झाली म्हणायची.

टोपीला पुन्हा फोन केला. भाऊ, त्याच्या खोलीतल्या भोंग्यावर थोडंसं सोडू का, भिंगरीचं. यंत्रांचा घोंघाट तेवढा येत होता. नियम सांगेल असं वाटलं.

"सोडा वहिनी," तो म्हणाला. "पोच मात्र मागू नका."

मी मागणार नव्हते. उत्तर यायचं तर ते त्याच दोऱ्यावरून यायला हवं होतं, आणि तो दोरा एका भाजलेल्या हाताला बांधलेला होता.

त्याच्या खोलीचा भोंगा निवडला. आतल्या वाटेवर केसाएवढी फट ठेवली, आवाजापुरती. कानांवरचं यंत्र काढून भिंगरीच्या डोक्यावर चढवलं, त्याचा माइक तिच्या ओठांशी आणला. ते तिला मोठं झालं, एका हातानं धरून ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंची लाइन मी दुसऱ्या फोनवर घेऊन कानाशी धरली. सासूबाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हॅलो नको ना म्हणू?" भिंगरीनं कुजबुजत विचारलं.

"नको. ठरल्याप्रमाणे."

तिनं ओठ ओले केले. पहिल्यांदा नुसता वारा आला. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग ती आली. बारीक, तिरपी, शेवटी वर जाणारी. एकदा, आणि मग धीर येऊन पुन्हा एकदा, लांबलचक, गाल लाल होईपर्यंत.

पडद्यावर आत येणाऱ्या वाटेवर एक इवलासा उंचवटा उठला. त्याच्या शेजारी दुसरा, जरा लांबट. दोन्ही डावीकडे सरकत गेले, जसं सगळंच सरकत जातं. खाली बाहेर जाणारी पट्टी होती, सपाट, भरलेली, डॉक्टरीणबाईंची. ती जराही हलली नाही. शिट्टी त्या खोलीपर्यंत गेली होती, एवढं मला दिसलं. खोलीत कुणी होतं का, ते कुठल्याच आलेखावर नसतं. माझ्या कानात डॉक्टरीणबाई कुणाला तरी सांगत होत्या, आता पट्टी सैल बांधा, घट्ट नको, आणि त्याच्याशी बोलत राहा.

भिंगरी यंत्र दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसली होती. तिला आतलं काहीच ऐकू येणार नव्हतं. मी ते तिला आधी सांगितलं होतं, तिनं मान डोलावली होती, तरी ती ऐकत होती. डोळे मिटून, खिडकी उघडी ठेवून. सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. भिंगरीनं डोळे उघडले, यंत्राची एक बाजू कानावरून जराशी उचलली आणि मला विचारलं,

"आई, बाबा हसला का?"